नाव घातलेली भांडी

घोडबंदर रोड, ठाणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. सुमतीआत्यास,
उर्वीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

मोफत कायदा मदत केंद्रात वकील म्हणून मला महिना झाला. मोहने गावातल्या शेवंतीबाईंचं घर रस्त्यात जातंय. २०११ आधीपासून तिथे राहतात हे सिद्ध झालं तर बदली घर मिळेल, नाहीतर संसार उघड्यावर. कागद सगळे पुरात गेले. असेल तो पुरावा आणा म्हटलं, तर बाई गोणीभर भांडी घेऊन आल्या! मला हसू आवरेना. त्या गोणी बांधून निघून गेल्या. सतराला सुनावणी, आणि माझे हात रिकामे.

तुझी,
उर्वी

डोंबिवली
७ फेब्रुवारी

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद.

वकील झालीस, शहाणी कधी होणार? ती भांडी वाचलीस का? तुझ्या बारशाचा तांब्या अजून माझ्या फळीवर आहे. त्यावर तुझं नाव, तारीख, गाव, देणाऱ्याचं नाव, सगळं आहे. आपल्यात नाव घातल्याशिवाय भांडं देतात का कुणी? आधी त्या बाईंची माफी माग, मग वाचायला बस.

तुझी आत्या

ठाणे
१८ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

पत्र मिळालं त्याच दिवशी मोहने गाठलं, माफी मागितली. शेवंतीबाईंनी आधी चहा पाजला, मग गोणी सोडली. मुलाच्या तांब्यावर कोरलेलं, 'चि. विनीतच्या बारशास मामा धोंडीबाकडून, मोहने, १४-५-२००४.' संक्रांतीच्या वाट्यांवर महिला मंडळ, मोहने. २००६ पासून एक वर्ष चुकलेलं नाही. देणाऱ्यांनी साक्षीची प्रतिज्ञापत्रंही दिली.

काल सुनावणीला गल्लीतल्या बत्तीस बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात आपापलं भांडं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा पुसून तांब्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली. मग वाटी. मग दुसरी. आत्या, इतकी वर्षं ही माणसं आपला पुरावा रोज घासूनपुसून फळीवर मांडत होती, आणि मी हसले होते!

शेवंतीबाईंना घर मंजूर झालं. बाकीच्यांच्या सुनावण्या व्हायच्या आहेत, पण आता मी भांडी वाचायला शिकलेय.

आज त्या केंद्रावर येऊन एक वाटी देऊन गेल्या. फी चालत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, फी नव्हे, आठवण. वाटीवर माझं नाव, कालची तारीख आणि खाली मोहने.

लोभ आहेच, तो तुझ्या गुडघ्यासारखा कुरकुरू देऊ नकोस.

तुझी,
मोहन्यात नाव घातलेली
उर्वी