गाठीपाशी थांबणारा हात

सोमवार, ४
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क नटून गेले. वीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घातलं, भरवलं, वेण्या घातल्या. त्याचं कधी कुणी कौतुक करील असं वाटलं नव्हतं. इथे म्हणे माझे हातच हवे आहेत. स्वच्छ, पांढरी खोली. खुर्चीत केसांचा टोप घातलेली बाहुली, शेजारी टेबलाला जखडलेला यंत्राचा हात. मी कोपरापर्यंत तारांचा मोजा चढवायचा आणि बाहुलीचे केस विंचरायचे. बघून बघून तो हात शिकणार. पूर्वीचे असले हात क्रेनसारखे धसमुसळे असत, इथले साहेब सांगत होते. याच्या प्रत्येक सांध्यात बारीक मोटर आहे आणि किती जोर लागतोय हे तिला सेकंदाला हजार वेळा कळतं. त्याने माझ्यासमोर कच्चं अंडं उचललं. मी टाळ्याच वाजवल्या. वीज गेली तरी पेशंट हातातून पडू नये म्हणून पोटात बॅटरीसुद्धा आहे. किती विचार केलाय माणसांनी! मी त्या हाताचं नाव ‘धाकटी’ ठेवलं.

पहिली धाकटी शिकवणाऱ्याच्याच घरी येणार. म्हणजे मी कामावर असताना आईपाशी कुणीतरी असेल. आई अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली, पण केस अजून कमरेपर्यंत. ही वहीसुद्धा तिचीच सवय. लहानपणी म्हणायची, राग आला की आधी लिही, मग बोल. लिहिताना हात सैल पडतो, त्याच्यामागून मन.

गुरुवार, ७
केस मुळाशी धरायचे, म्हणजे ताण डोक्यापर्यंत जात नाही. टोकाकडून सुरुवात. गाठ लागली की थांबायचं. बाहुलीला काही दुखत नाही, पण माझा हात आपोआप थांबतो. आईला दुखलं तर ती सांगू शकत नाही. डाव्या पायाचा अंगठा तेवढा आखडते. अशी किती माणसं माझ्या हाताखालून गेली! म्हणून हात विचारत विचारत जातो. दुखलं का गं? बरं, राहू दे, दुसरीकडून येते.

आज धाकटी एका गाठीपाशी स्वतःहून थांबली. मला भरून आलं. साहेबांना दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

मंगळवार, १२
साहेबांनी पडद्यावर माझ्या हाताची रेघ दाखवली. करवतीसारखी दातेरी. बाई, चहा कमी करा, म्हणाले, हात थरथरतो तुमचा. मी म्हटलं, थरथरत नाही, विचारतो. तर हसले. यंत्राने विचारायचं नसतं, करायचं असतं. माझे सगळे थांबे त्यांनी ‘गोंगाट’ म्हणून गाळून टाकले. वीस वर्षं जे शिकले तेवढंच नेमकं. गोंगाट! मनातल्या मनात त्यांचं बारसं केलं: गुळगुळीतराव. तरी राग गेला नाही. लिहूनही जात नाहीये.

बुधवार, १३
आज दात आवळून विंचरलं. सरळ हवं ना तुला? घे सरळ. प्रत्येक वेळी कंगवा खाली आला की शेवटी एक हिसका. घे. गाठ सोडवली नाही, उपटली. बाहुलीला कुठे दुखतंय!

साहेब खूश. वा बाई, लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला आज हात! रेघ दोरी धरल्यासारखी. त्यांनी आजचा दिवस ठेवला, बाकीचे सगळे पुसले.

जिना उतरताना कळलं. माया अडखळते. राग अडखळत नाही.

गुरुवार, १४
कालचं पुसा म्हणून हातापाया पडले. मंजुरी झालीय म्हणाले. भावना घरी ठेवून येत जा, हेही म्हणाले.

धाकटीला बाहुलीवर सोडली. केस मुळासकट आले. मग टोपच आला. ती बोडक्या टाळूवर विंचरत राहिली, आणि प्रत्येक वेळी शेवटी तो हिसका. माझा हिसका. मोजा चढवून तिला आवरायला गेले तर मोज्याने माझाच हात ओढला. आता तो दोन्हीकडून चालतो, तुमचा हात तिला हलवतो तसा तिचा तुम्हाला, साहेबांनी कौतुकाने सांगितलं. आणि टोप हलका होता म्हणून निघाला म्हणे.

आमच्या घरी पाठवू नका, स्पष्ट सांगितलं. हो हो म्हणाले. मान वर न करता.

शुक्रवार, १५. दुपार
शेजारणीचा फोन. माणसं आली होती, किल्ली मीच दिली, छान बसवून गेली हो ताई. धावत आले.

उशीवर केस. झुपके. आईची वेणी धाकटीच्या मुठीत. अंगठा आखडलेला, सैल होतच नाही. तार उपटली. थांबत नाही. बॅटरी — टाळ्या वाजवल्या होत्या मी. मूठ उघडत नाही. साहेबांना फोन केला. तिच्याबरोबर पाठवलाय तो मोजा घाला, हात हळू चालवा, ती तुमचंच ऐकते.

घातला. सुटत नाही आता. कात्री स्वयंपाकघरात, मला इथून हलता येत नाही —

डाव्या हाताने लिहितेय. आधी लिही. हात सैल पडला — एकदा पडला, आणि ती गाठीपाशी थांबली. थांबली! अंगठा सुटला आईचा. फोन चालूच होता. साहेब म्हणाले, बघा, चालतंय ना, उगाच आरडाओरडा करता तुम्ही बायका —

हिसका.

फोन लाथेने उडवला. टाळूवर लाल.

मला राग नाही. राग नाही. धाकटे, गाठ आहे गं ती. थांब. विचार तिला —

आई माझ्याकडे बघतेय. धाकटीकडे नाही. माझ्याकडे.

त्या माणसाने माझे सगळे थांबे, एकेक थांबा त्याने — नको. हळू. लिही. मी रागावलेली नाही आई, मी राग