नव्या दोराला करंजेल

बाबा, धाकटी वाळवंटात खडक चढायला निघाली आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून आधी सांगतो. तुम्ही गेलात त्याच्या दोन वर्षांनी ती झाली. थोरल्या दोघींची लग्नं होऊन त्या वापीला आणि डहाणूला गेल्या. ही बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत बाटल्यांमधलं पाणी तपासते, आणि रविवार आला की पालघरमागच्या काळदुर्गाच्या खडकावर जाऊन लटकते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मी सहावीत शाळा सोडली, तेव्हा हे पत्र पाहून कुणालाही हसू येईल. पण आठ दिवस माझं अन्न गोड लागत नाही, आणि या विषयावर बोलावं असं माणूस तुमच्याशिवाय मला सुचत नाही. आपल्या घरात दोरावर जीव टाकून पोट भरणारे तुम्हीच होतात.

जायचं आहे ते कच्छात, रणाच्या कडेला एक घळ आहे तिथे. शेवटच्या गावापासून जीपने चार तास, मग डोक्यावर सामान घेऊन चालायचं. दोन्ही बाजूंना उभे खडक, मध्ये कोरडी वाळू, झाड नाही, पाणी नाही. सातजण पाच दिवस तिथे राहणार आणि रोज भिंती चढणार. मी विचारलं, वर काय आहे? ती म्हणाली, काही नाही. मग वर जायचं कशाला? तर म्हणाली, "बाबा, आजोबा वर जायचे ते ताडीसाठी. आम्ही चढण्यासाठीच चढतो." मला ते अजून नीट समजलेलं नाही. खडकात आधी भोकं पाडून लोखंडी खिळे पक्के बसवलेले असतात. चढणारा खिळ्याला कडी अडकवतो, कडीतून दोर घालतो आणि पुढे सरकतो. दोराचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला. वरचा निसटला की खालचा दोर आवळतो. हे मला तिने स्वयंपाकघरात, खिडकीच्या गजावरून नाडी घालून आणि तिला चप्पल टांगून दाखवलं. पोळ्या लाटता लाटता तिची आई म्हणाली, "चप्पल उतरव आधी तितनं. तुजा आजा तरी गपगुमान चढायचा."

या सातजणांचे पुढारी तारापूरच्या कॉलनीतल्या शाळेत खेळ शिकवतात. तिशीचे असतील, घरी हिंदी, बाहेर मोडकं मराठी. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बैठक आमच्याच खोलीत होते, कारण आमच्याकडे फरशीवर जागा आहे. नकाशा पसरून चार कोपऱ्यांना चार पेले ठेवतात. मी दारापाशी स्टुलावर बसतो. पहिल्या दिवशी गप्प होतो. मग सर म्हणाले की पाण्याचे चार कॅन पुरतील, आणि माझ्याने राहवलं नाही. कारखान्याच्या स्टोअरात माझी सव्वीस वर्षं गेली, बाबा. किती माणसं, किती दिवस, किती माल, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. मी म्हटलं, सातजण, पाच दिवस, जीप एक दिवस उशिरा आली तर सहा, स्वयंपाक वेगळा, एखादा कॅन फुटला तर वेगळा. चार नाही, चौदा लागतील. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. सर म्हणाले, "काका, आप पहले क्यों नहीं बोले?" त्या दिवसापासून यादी माझ्याकडे आली. एकतीस वस्तू झाल्या. मीठ-साखर, सुई, चुना, ताडपत्री, शिट्ट्या सात. छत्री लिहिली तेव्हा मात्र हसले. "वाळवंटात छत्री?" मी म्हटलं, तिथे ऊन नसतं का? दोर धरून दोन-दोन तास जो खाली उभा राहणार, त्याच्या डोक्यावर काय धरणार? हसणं थांबलं. दोन छत्र्या लिहा म्हणाले.

यादी करतो म्हणजे माझी संमती आहे, असं सगळे धरून चालले. धाकटी नाही. एका संध्याकाळी मी गॅलरीत बसलेलो असताना ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही." मी म्हटलं, तू बावीस वर्षांची आहेस, माझ्या हो-नाहीचं काय घेऊन बसलीस? ती म्हणाली, "मी जाईनच. पण वर हात टाकताना तुमचा घाबरलेला चेहरा डोळ्यांसमोर आला तर हात सुटतो. दोनदा सुटलाय काळदुर्गावर. मला तुमचं हो पाहिजे, यादी नको." आणि उठून गेली.  माझी भीती तिच्या हाताला जाऊन चिकटते, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा तो ताड आठवला. तुम्हाला आठवत असेल की नाही, मला रोज आठवतो. तारापूरचं अणुवीज केंद्र नुकतं सुरू झालं होतं, मी चौतिशीत, नोकरी मधेच गेलेली, म्हणून चिंचणीला तुमच्याकडे येऊन राहिलो होतो. तुम्ही तापाने पडलात. पोयीची, म्हणजे ताडाच्या फुलोऱ्याच्या दांड्याची, रोज दोन वेळा पातळ चकती कापली नाही तर ताडी आटते, हे मला माहीत होतं, म्हणून तुम्हाला न विचारता दोर घेऊन खाडीकडच्या ताडावर चढलो. अर्ध्यावर पोचतो आणि खाली बघतो. खाडीतल्या होड्या चपलांएवढ्या दिसतात. हात झाडाभोवती मिठी मारून बसतात, सुटेनात. किती वेळ तसा होतो देव जाणे. कुणीतरी जाऊन तुम्हाला सांगितलं असणार. तुम्ही घोंगडं पांघरून, भिंतीला धरत धरत आलात, आणि झाडाला पाठ टेकून खाली बसलात. वर बघितलंसुद्धा नाही. बिडी मागावी तशा आवाजात म्हणालात, "वर बगू नको, खाली बगू नको. हाताम्होरं बग. मुंगी दिसते काय?" मी म्हटलं, दिसते. "कुटं चाललीय?" खाली. "मग तिच्या मागनं ये." मी आलो. एक तास लागला असेल.

घरी आल्यावर मला वाटलं, आता माझ्या भित्रेपणाचा उद्धार होणार. मी कमरेचा दोर सोडून ओसरीवर टाकला आणि पाणी प्यायला त्याच्यावरून गेलो. तेव्हा तुम्ही ओरडलात. ताप असूनही असा आवाज काढलात की शेजारची म्हातारी डोकावली. "भ्यालास त्याचं काय नाय! भ्यायचंच असतं. दोरावर पाय दिलास! ज्याच्यावर जीव ठेवतो त्याच्यावर पाय देतो काय कोण?" मग मला समोर बसवून दोर माझ्या हातात दिलात आणि डोळे मिटायला लावलेत. तुम्ही रोज सकाळी चहाआधी करायचात तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोर चिमटीतून न्यायचा. "उजेडात सगळाच दोर बरा दिसतो. हातानंच बगायचा." मग वाटीतलं करंजेल चोळायला लावलंत. पुन्हा झाडावर जा असं मात्र कधी म्हणाला नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात ते खाटेवर, गाढ झोपेत. चाळीस वर्षं ताडावर जाणारा माणूस खाटेवर गेला, हे मी अलीकडे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणतो. त्याने थोडा धीर येतो.

आता माझ्या हातून झालं ते ऐका. निघायला दहा दिवस असताना नवा दोर आला. वर्षभर सगळ्यांनी मिळून जमवलेला, परदेशी, नायलॉनचा, निळा, वर विणलेला, आत दुसरा गाभा. सर तो आमच्याकडेच ठेवून गेले, कारण काकांकडे सगळं जागेवर असतं. दुपारी घरी कुणी नव्हतं. मी पिशवी उघडून हात फिरवला. मला तो कोरडा वाटला. या कोरड्या दोरावर माझी पोर लटकणार. बाजारात जाऊन करंजेलाची बाटली आणली, फरशीवर मांडी घातली आणि तीन तास बसून हात-हात करत सगळा दोर चोळला. पार दुसऱ्या टोकापर्यंत. घामाने भिजलो, पण कित्येक दिवसांनी जिवाला बरं वाटलं. वाटलं, बापाने आपल्याला जे दिलं ते आपण पोरीला देतोय.

संध्याकाळी सर आले. दारातच त्यांनी नाक वर केलं. "ये बास कैसी है?" पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढून बोटांकडे बघत राहिले. रागावले नाहीत, तेच जड गेलं. हळू आवाजात म्हणाले, "काका, हा काथ्या नाही. तेलाने आतल्या धाग्याचं काय होतं मला नाही सांगता येणार. खाली धरणाऱ्याच्या पकडीतून पण सरकेल. इस पर किसी को नहीं चढ़ा सकता." बायको म्हणाली, "तुमाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? लोणच्याला लावा तेल!"  धाकटी माझ्याकडे बघत होती. मग एवढंच विचारलं, "मुद्दाम केलंत?" मी शपथ घेतली. तिने मान हलवली, पण त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

दोर नाही तर जाणं नाही. सरांनी ठाण्याच्या ओळखीच्या गिर्यारोहकांना विचारलं. त्यांनी आपला वापरलेला दोर दिला, पण म्हणाले, आम्ही वरवर बघितलाय, तुम्ही आपल्या जबाबदारीवर तपासून घ्या. परवा तो आला. लाल, बराच चांगला दिसणारा. सातहीजणांनी उजेडात धरून पाहिला, कुठे धागा निघालेला नाही, कुठे काळं पडलेलं नाही. मी स्टुलावरच होतो. बोलावं की नाही कळेना, पुन्हा काही बिघडवलं तर? शेवटी म्हटलं, एकदा माझ्या हातात द्या. हात साबणाने धुतलेत, दोनदा. कोणी हललं नाही. मग धाकटीनेच दोराचं टोक आणून माझ्या हातात दिलं. स्टुलावरून उठून फरशीवर बसायला गेलो तर सर ओरडले, "काका, पाँव! रस्सी पे पाँव नहीं!" माझी टाच दोरापासून बोटभर लांब होती. बाबा, मी तिथेच थांबलो. इतक्या वर्षांनी, हिंदीत, तुमचाच आवाज.

मी डोळे मिटले. एका टोकापासून सुरुवात केली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. दोर चिमटीतून जातोय, गोल, घट्ट, एकसारखा. अर्धा झाला, पाऊण झाला. मग शेवटापासून आठ-नऊ हातांवर बोटं आत बसली. पिकलेल्या केळ्यावर बसतात तशी. मागे गेलो, पुन्हा आलो. पुन्हा तिथेच. डोळे न उघडता म्हटलं, इथे आत काहीतरी तुटलंय. सरांनी चाचपलं, दोर तिथे दुमडून पाहिला. इतर ठिकाणी दुमडल्यावर त्याचा गोल वेढा राहायचा, तिथे कागदासारखी चपटी घडी पडली. त्यांचा चेहरा उतरला. बाहेरून बघाल तर काही नाही. सर म्हणाले, "ये मैं नहीं पकड़ पाया." तेवढं टोक कापून टाकलं, तापवलेल्या सुरीने वितळवून बंद केलं. दोर आखूड झाला, म्हणून सगळ्यात उंच भिंत यादीतून काढली, बाकीच्यांना पुरतो. पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, काकांना बरोबरच घेऊ, रोज सकाळी दोर बघायला. सर म्हणाले, "मज़ाक नहीं. चलिए, काका. खाली बसायचं, छत्री तुमची." बायको आतून म्हणाली, "घेऊन जावा. पाच दिवस माजा जीव खाणार नाय."

तर मीही चाललोय. गाडी परवाची आहे. माझ्या पिशवीत आधी स्वेटर ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. रणात विंचू असतात म्हणे. जीप बंद पडली तर काय, हे सरांना पाच वेळा विचारून झालं. भीती गेलेली नाही, बाबा. पण तुमच्या दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात नव्हतं, झाडाला वळसा घालून ते तुमच्याकडेच परत यायचं. हिच्या दोराचं टोक खाली कुणीतरी धरून असेल, आणि त्याच्यावर छत्री धरून मी असेन. मी तिच्याकडे वर बघणार नाही. झाडाला पाठ टेकून तुम्ही बसला होतात तसा खडकाला पाठ टेकून बसेन.

हे पत्र टाकायला पेटी नाही. पिशवीत ठेवलं तर धाकटीच्या हाती लागेल, आणि एक गोष्ट तिला कळू द्यायची नाही. तेल मी मुद्दाम लावलं नव्हतं, ती शपथ खरी. पण सर म्हणाले की या दोरावर कुणी चढणार नाही, तेव्हा मला आधी बरं वाटलं, आणि वाईट नंतर वाटलं. हे तुम्हाला सांगितलं, आता हा कागद चुलीत घालतो. ती ओट्याशी चौदावा कॅन विसळते आहे, आज सुट्टी आहे तिची. हो म्हणायचं अजून राहिलंच आहे. उठतो, तिच्याजवळ जातो आणि म्हणतो.