उन्हापुरता पदर

प्रिय बाई,

तुमच्या तेराव्याला, भर पंगतीत, तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी मला विचारलं, "कुसुम, विसाव्याला आमच्या अक्कांचा पदर तू का सारलास?" शेजारच्या बायका जेवायच्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी रोज वर्गात पाच-पाच तास बोलणारी बाई, पण "रविवारी येऊन सांगते" एवढंच म्हणून पानावरून उठले. शाहूपुरीतल्या घरी परत येऊन दोन दिवस झाले, तरी तो प्रश्न पाठ सोडत नाही. त्यांना उत्तर द्यायचंच आहे. पण गोष्ट तुमची, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कशी सांगू?

आमचं घर कोडोलीच्या चावडीसमोर, हे तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी मराठ्याघरची सून डोक्यावर पदर घेतल्याशिवाय चावडीवरून जात नसे. तुम्ही जायचात, रोज आम्हाला शिकवायला शाळेत! खांद्यावर पदर पिन लावून घट्ट बसवलेला, हातात शिवणाच्या कापडाची पिशवी, मान सरळ. कट्ट्यावरची माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. मी रोज सकाळी दात घासायचं निमित्त करून दारात उभी राहायची, ते फक्त तुम्हाला बघायला.

याची किंमत तुम्ही काय मोजलीत ते आई सांगायची. तुमचे सासरे म्हणजे शाळेच्या समितीचे चेअरमन. सुनेनं नोकरी केलेली त्यांना चालली, उघडं डोकं चाललं नाही. पहिले सहा महिने त्यांनी तुमच्या हातचं पाणी घेतलं नाही म्हणे. तुम्ही रोज तांब्या भरून ठेवायचात आणि तो रोज तसाच राहायचा. तरी तुम्ही पदर घेतला नाहीत. आम्हा पोरींना केवढा अभिमान होता तुमचा, बाई! आम्ही आपापसात ठरवूनच टाकलं होतं, मोठं झाल्यावर डोक्यावर काही म्हणून घ्यायचं नाही.

मग आमचं सातवीचं वर्ष आलं आणि एक मेच्या झेंडावंदनाला मुलींची लेझीम ठरली. शाळा सकाळची, ती अकराला सुटायची, आणि सराव त्यानंतर. चैत्रातलं ऊन, मैदानावर सावली एका लिंबाची, तीही पार कडेला. सराव सकाळी सातला घेऊ द्या म्हणून तुम्ही हेडमास्तरांकडे तीनदा गेलात. परीक्षा तोंडावर आहे, तास बुडवायचे नाहीत, हे एकच उत्तर तिन्ही वेळा मिळालं. मुलांना गणवेशातच पांढरी टोपी होती. आम्हाला दोन वेण्या आणि लाल रिबिनी. मुलींच्या भांगावर ऊन पडतं हे आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं की काय, कोण जाणे.

तुमच्या आलं. शिवणाच्या तासाला तुम्ही मांजरपाटाचा तागा आणलात आणि आमच्याकडून आमचेच रुमाल शिवून घेतलेत, पुढून कपाळावर येणारे, मागून मानेवर गाठ मारायचे. हलगी वाजवणाऱ्या दादांना तुम्ही लिंबाखाली बसवलंत. ते उठून पुढे यायला लागले तर म्हणालात, "बसा हितंच. हलगी सावलीतनं बी ऐकू येती की." ड्रिलच्या मास्तरांनाही टोपीशिवाय मैदानात पाऊल टाकू दिलं नाहीत. सगळ्यांची काळजी घेतलीत, आणि स्वतः मात्र उघड्या डोक्यानं मधोमध उभ्या. कसं हो कळलं नाही तुम्हाला, की आमचे डोळे तुमच्यावर आहेत?

आता माझी चूक सांगते. इतकी वर्षं ती मी अर्धीच कबूल केली आहे. रुमाल पहिल्यांदा मी काढला. डोक्यावर फडकं म्हणजे आजीसारखं दिसतं, आपल्या बाई घेतात का, असं म्हणून तो दप्तरात कोंबला. माझं बघून शेजारी उभ्या राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं, सुमननं काढला, मग अख्ख्या पहिल्या रांगेनं. सुमनला काढायचा नव्हता. ती म्हणाली होती, मला ऊन बाधतं गं. मी तिला भित्री म्हटलं.

तिसऱ्या दिवशी लेझमीचा चौथा हात चालू असताना सुमनच्या नाकाचा घोळणा फुटला. पांढऱ्या ब्लाऊजवर रक्त बघून मला वाटलं लेझीम लागली. तेवढ्यात ती खालीच बसली आणि मग आडवी झाली. तुम्ही तिला उचलून लिंबाखाली नेलंत. कुणी कांदा फोडला, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. ती डोळे उघडेना. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी मनात तिला म्हणत होते, ऊठ बाई, माझी रिबीन घे, माझी पुढची जागा घे, पण ऊठ. शेवटी ती उठली. पण पुढे आठ दिवस ती शाळेत आली नाही आणि लेझमीत तर नाहीच.

तिला घरी पोचवून तुम्ही परत आलात आणि आम्हाला ओळीत उभं करून शांतपणे विचारलंत, रुमाल का काढले? पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मग मीच म्हणाले, "बाई, तुम्ही कुठं घेताय?"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही रागावला नाहीत. आमच्याकडे बघत राहिलात, मग लिंबाकडे, मग आम्हाला घरी जायला सांगितलंत. त्या रात्री तुम्हाला झोप लागली का? हे विचारायचं कायम राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अकराला घंटा झाली. तुम्ही वर्गातून बाहेर आलात, पायरीवर थांबलात, खांद्यावरची पिन काढलीत आणि पदर डोक्यावर घेतलात. सवय मोडली होती, तो घसरला. पुन्हा घेतलात. आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिलात. बाई, मी तेव्हा तेरा वर्षांची होते, पण मला कळलं. सहा महिने पाण्याच्या तांब्यापुढे जी बाई हरली नाही, ती आमच्या भांगासाठी सगळ्या गावासमोर हरल्यासारखी दिसायला तयार झाली होती! आम्ही दप्तरातून काढून रुमाल बांधले.

गावात बातमी पोचायला किती वेळ लागणार? सराव संपायच्या आत तुमचे सासरे कट्ट्यावरची दोन माणसं घेऊन कुंपणापाशी हजर. आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आली म्हणायची सून वळणावर." तुम्हीही ऐकलंत. तरी शेवटचा हात पुरा करून घेतलात, मुलींना पाण्याला सोडलंत आणि मग लिंबाकडे चालू लागलात. सासरे तिथवर आले होते. सावलीत पाय पडला तसा तुम्ही पदर खाली घेतलात, खांद्यावर बसवलात, पिन लावलीत.

"मामंजी, ह्यो उन्हासाठी हाय. सावलीत न्हाय."

एवढंच बोललात आणि माठातलं पाणी पेला भरून त्यांच्यापुढे धरलंत. त्यांनी घेतलं की नाही, ते मी बघितलं नाही. माझे डोळे भरून आले होते.

पुढे गावाची जी तारांबळ उडाली! दुपारी तुम्ही चावडीवरून पदर घेऊन जायचात, संध्याकाळी उघड्या डोक्यानं. कुणी म्हणे नमली, कुणी म्हणे नाही नमली. आमची आजी तर तुम्ही दिसलात की आधी वर आभाळाकडे बघायची. तुम्ही मात्र कुणालाही कधी खुलासा दिला नाहीत. थोडा द्यायला हवा होतात, बाई. निदान घरात. मग परवा ही वेळ आली नसती.

तुम्हाला अंगणात नेलं तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणे तुमच्या डोक्यावर पदर ओढला. माझा हात पुढे झाला होता. पण अंगणात ऊन होतं, म्हणून मी तो मागे घेतला. बायका चावडीपासून माघारी फिरल्या, मी चालत राहिले. विसाव्याला तुम्हाला चिंचेच्या सावलीत खाली ठेवलं आणि खांदेकरी बदलू लागले. तेव्हा मी वाकले आणि पदर तुमच्या खांद्यावर नेऊन ठेवला. चुकलं असेल तर सांगा.

जाऊबाईंना हे सगळं असंच सांगेन, येत्या रविवारी कोडोलीला जाऊन, सुमनलाही बरोबर घेऊन. पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती सांगायला मला लाज वाटते. मी आज ज्या शाळेत शिकवते तिथेही एक मेचा सराव चालू आहे. तिथेही अकराचं ऊन आहे. मुलींना मी रुमाल आणायला सांगते, त्या हसतात, आणि मी मधोमध उभी असते, तुमची शिष्या म्हणून, मोठ्या तोऱ्यात, उघड्या डोक्यानं! तुमच्याकडून मी नेमकं अर्धंच शिकले की हो.

उद्या अकराला मी पायरीवर थांबेन आणि पिन काढेन. पदर घसरला तर पुन्हा घेईन. सावलीत आल्यावर कुणी विचारलं, तर तुमचंच वाक्य सांगेन, तुमच्याच आवाजात.

तुमची,
पहिल्या रांगेतली कुसुम