रायवळाखालचा पातेरा

मी, सगुणा आत्माराम मायंगडे, धंदा शेती, राहणार मौजे सडेखोल, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे आपल्या हाताने लिहून ठेवते. माझे वय शाळेच्या दाखल्यावर एक आहे, आई सांगायची ते दुसरे होते आणि आधार कार्डावर तिसरेच आहे. सरकारी कामाला तिसरे धरावे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून हातात पेन दिलेले नाही. गोड बोलणारा शिमग्याला ठाण्याहून येणार आहे. त्याच्या आधी मला हे उरकायचे आहे.

वाडीतला दर्शन रत्नागिरीला एका वकिलांकडे काम शिकतो. त्याने छापील नमुना आणून दिला होता. त्यात सुरुवातीलाच देह नश्वर आहे वगैरे होते, ते मी गाळले. देहाचे काय ते माझे गुडघे रोज सांगतात.

१. हे आत्ताच का लिहिते ते आधी सांगते, नाहीतर उद्या लोक म्हणतील म्हातारीला कोणीतरी भरवले. गणपतीला माझा एकुलता मुलगा संदेश ठाण्याहून आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक पाहुणा होता. तो बागेतून फिरला, वर सड्यावर, उघड्या कातळावर गेला, तिथून खाडी दिसते तिचे फोटो काढले. इथून आरे-वारेचा समुद्रकिनारा गाडीने किती जवळ, हे त्याने मलाच समजावून सांगितले. बागेचे प्लॉट पाडून बंगले बांधायचे म्हणाला. मी म्हटले, मी आहे तोवर नाही. संदेश रागावला नाही. ताट पुढे ओढून म्हणाला, "बरं आये, मी थांबतो."

कशासाठी थांबणार, हे त्याच्या लक्षात आले नसेल. माझ्या आले. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. साधा खोकला आला तरी वाटते, ही बातमी ठाण्याला जाईल. फोनवर तो विचारतो, "तब्येत कशी आहे?" आणि मी आधी विचार करते, हा कोणते उत्तर ऐकायला बसला आहे? पोटच्या पोराविषयी असे मनात येते याची लाज वाटते, पण येते. एवढे लिहीपर्यंत मी दोनदा उठून बागेत जाऊन आले. काम काही नव्हते.

२. माझी मिळकत अशी. चिऱ्याचे कौलारू घर, पुढे पडवी, मागे परडे. विहीर, ती जावेच्या घराशी सामाईक. आणि घराच्या वरच्या अंगाला हापूसची बाग. शिवाय रायवळ आंब्याचे एक झाड, त्याचे पुढे येईल. हे सगळे माझे यजमान आत्माराम यांनी हयातीतच बक्षीसपत्र करून माझ्या एकटीच्या नावावर केले. तेव्हा संदेश म्हणाला होता, बाबांचा माझ्यावर विश्वास नाही. तसे नव्हते. त्यांनी मुलाला नीट ओळखले होते, एवढेच.

३. घर संदेशला. ते त्याने विकले तरी माझी हरकत नाही, असे लिहायला घेतले होते. हरकत आहे. तरीही घर त्याचेच, कारण गणपती त्या घरात बसतो आणि तो बसवायला मुलगा यायला हवा.

४. माझ्या पाटल्या सुनेला. तिने माझ्याशी कधी वाकडे बोलल्याचे आठवत नाही. सरळही फार बोलली नाही. आंबे उतरवायचा झेला नातू ऋत्विकला. लहान असताना तो एकदा कलमावर चढला होता, तर आईने त्याला ठाण्यात बसून व्हिडिओ कॉलवरून खाली उतरवला. आता मोठा झाला आहे, बघू.

मोठी कोयती माझी आहे. शेजारची चिमा, म्हणजे माझी धाकटी जाऊ, ती आपली म्हणून सांगते. ती तिची नाही आणि तिला देऊ नये.

५. बाग संदेशला द्यावी, मात्र त्याने ती विकू नये.

वरची बाब रद्द समजावी. दर्शन म्हणाला, "काकी, एकदा मालक केल्यावर विकू नको अशी अट घातलीत तर ती कोर्टात टिकत नाही." मी विचारले, मग आई म्हणून घातली तर? तो छापील नमुना चाळू लागला.

६. बाग ग्रामदेवळाला द्यावी.

हेही रद्द. गावकीत दोन तट आहेत आणि पालखी आधी कोणाच्या दारात नाचवायची यावरून दर शिमग्याला पोलीस येतात. माझी बाग त्यांच्या हातात गेली तर तिसरा तट होईल. ऋत्विकच्या नावे करावी असेही मनात आले. पण तो अजून अज्ञान आहे, त्याचा पालक कोण, तर संदेश. म्हणजे फिरून तिथेच.

इथे मी पेन ठेवले, चहा केला, तो निम्मा सांडला.

७. आता चिमाविषयी लिहिणे भाग आहे. माझे दीर रावजी, त्यांची ही बायको. दीरही गेले, माझे यजमानही गेले. दोन घरांच्या मध्ये दगडांचा गडगा आहे. अलीकडे मी, पलीकडे चिमा आणि तिची मुलगी निशिगंधा. आम्हा दोघींचे बोलणे बंद आहे. किती वर्षे, ते मोजत बसलेले नाही, पण बंद झाले तेव्हा निशिगंधा दोन वेण्या घालून शाळेत जात होती आणि आता ती लोकांच्या बागा फवारायला घेते.

आमच्या सासऱ्यांना न्यायाची भारी हौस. वाटणीत त्यांनी गडग्यापलीकडची जमीन रावजीला दिली आणि तिच्यावरचे रायवळ आंब्याचे जुने झाड आत्मारामांना. इकडे ही पद्धत पूर्वापार आहे, जमीन एकाची, झाड दुसऱ्याचे. सासऱ्यांना वाटले, निदान झाडासाठी तरी भाऊ भावाच्या जमिनीत पाय ठेवत राहील. भावांचे तसे झालेही. ते दोघे शेवटपर्यंत त्या गडग्यावर बसून पान खात. आम्हा बायकांचा विचार सासऱ्यांनी केला नव्हता.

झाडावरचा आंबा आमचा, पडलेला निम्मानिम्म, इथवर ठीक चालले. पातेऱ्याचे मात्र ठरलेले नव्हते. पेरणीआधी जमीन भाजायला सुकलेला पालापाचोळा लागतो, त्यालाच पातेरा म्हणतात. एका फाल्गुनात मी रायवळाखाली पातेरा झाडून बांबूच्या हाऱ्यात भरत होते. चिमा आली.

"वयनी, हारा खाली ठेव. जमीन माजी हाय."

"झाड माजा हाय. झाड माजा तर पान पण माजा."

"झाडाला हाय तवर तुजा. पडला का माजा."

"मग चिकटव परत वर, जा."

तिने हारा ओढला, मी ओढला, हाऱ्याचा तळ निघाला. त्यावर ती जे बोलली ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही, आणि मी जे बोलले ते त्याहून नाही. तेव्हापासून मोजणी झाली, हरकती झाल्या, तारखा झाल्या. पातेरा दोघींनीही न्यायचा नाही असे ठरल्यासारखे झाले आणि तो तिथेच कुजू लागला.

आत्माराम गेले त्या दिवशी आमची चूल बंद होती. चिमाने पिठले-भाताचे पातेले आणून गडग्यावर ठेवले आणि ती मागे वळली. मी पातेले घासून परत गडग्यावर ठेवले. रावजी गेले तेव्हा मीही तेच केले. बोललो नाही.

८. गणपतीतली अजून एक गोष्ट वर लिहायची राहिली. तो प्लॉटवाला पाहुणा फोटोसाठी गडग्यावर चढला आणि त्याच्या पायाने एक दगड पलीकडे पडला. चिमा भात सोडून बाहेर आली.

"ओ पावणं! तो दगड जागेवर ठेवा."

तो हसून बुटाने ढकलायला लागला.

"बुटान नाय. वाकून, हातान ठेवा. माज्या सासऱ्यान हातान रचलेला हाय तो."

संदेश म्हणाला, काकी जाऊ दे. ती म्हणाली, "तुज्या आयशीच्या बाजूला सरकला असता तरी मी हेच सांगितला असता." पाहुण्याला वाकावे लागले. मी पडवीत उभी होते. हसले नाही, पण त्या दिवशी मला जेवण गोड लागले.

९. सबब, माझ्या मालकीची हापूसची संपूर्ण बाग, तसेच रायवळाचे झाड, माझ्या पश्चात श्रीमती चिमा रावजी मायंगडे हिला द्यावे. झाडाबरोबर पातेराही आलाच. मोठी कोयतीही द्यावी, कारण बाग साफ करायला ती लागते. पण कोयती माझी होती हे तिला सांगून द्यावी.

माझे मन तिच्यावर बसले असा अर्थ कोणी काढू नये. ती कजाग आहे, मला ती कालही आवडत नव्हती. पण मी सगळी नाती चाळून पाहिली. ज्यांचा माझ्यावर जीव आहे त्यांचा बागेवर नाही. वीतभर जागेसाठी आणि टोपलीभर पाचोळ्यासाठी जिने अर्धे आयुष्य माझ्याशी वैर धरले, ती बाई कोणी पोत्याने पैसे आणले तरी बाग विकणार नाही. तिच्यामागे निशिगंधा आहे, ती तोंडाने आईपेक्षा वरचढ आहे. बाग मला तशाच हातात हवी आहे.

१०. हे संदेशसाठी. सही झाली की याची नक्कल दर्शन त्याला ठाण्याला पाठवील. बाळा, तुला राग येईल, येऊ दे. तू कोर्टात गेलास तर दर्शन काय ते बघेल. तू वाईट नाहीस. तुझे घराचे हप्ते आहेत, ऋत्विकची फी आहे, मला कळते. पण तू थांबतो म्हणालास आणि तेव्हापासून तू माझा मुलगा वाटण्याआधी थांबलेला माणूस वाटतोस. मला ते सोसत नाही. आता तुला कशासाठी थांबायला नको. यंदा शिमग्याला ये आणि नुसता आईकडे ये. तब्येत विचारलीस की मी खरे सांगेन, गुडघे फार दुखतात.

११. इथवर लिहून मी सही करणार होते. दर्शन एक साक्षीदार म्हणून आला होता, दुसरे आमचे डॉक्टर गुरुप्रसाद यायचे होते, ते पेशंटमध्ये अडकले. आम्ही पडवीत कागद मांडून बसलो होतो आणि ते गडग्यापलीकडून दिसत होते. हे मी ध्यानात घेतले नव्हते. पुढचे झाले तसे लिहिते, दर्शन साक्षीला आहे.

चिमा गडगा ओलांडून थेट पडवीत आली. ओल्या हाताने, पदर खोचलेला.

"इकलीस ना? शेवटी इकलीस! शिमग्यापतूर पण दम निगाला नाय तुला?"

इतक्या वर्षांनी ती माझ्याशी पहिले बोलली ते हे. मी म्हटले, "कोण इकताय? मृत्युपत्र हाय ता."

ती खाली बसली, जमिनीला हात पुसला.

"खरा?"

"खरा."

"मग साक्षीला कोण?"

मी सांगितले, डॉक्टरची वाट बघतोय. चिमाने दर्शनच्या हातातले पेन घेतले. "डॉक्टर कशाला? मी हाय ना. काय लिवलंस ता मी वाचणार नाय, तुज्या पोराला दे नायतर समुद्रात टाक. पन म्हातारी शुद्धीवर होती, कुणी हात धरून सही घेतली नाय, ह्या मी कोर्टात उबी ऱ्हावून सांगेन. माज्याइतकी तुला वळखणारी कोण हाय हितं?"

आणि ती सही करायला वाकली. मी कागद ओढला. दुसरे काही सुचले नाही.

"तुजी सही नको."

"का? मी चोर हाय?"

"चिमा, नको म्हटला ना."

तिचा चेहरा उतरला. पातेऱ्याच्या दिवशी उतरला नव्हता इतका उतरला. ती उठायला लागली तेव्हा दर्शनला राहवले नाही. "काकी, तसं नाही. ज्याला मिळकत मिळते, त्याची सही साक्षीदार म्हणून घेत नाहीत."

चिमा अर्धी उठलेली तशीच राहिली. माझ्याकडे बघितले, वर बागेकडे बघितले. मी कौलांकडे बघत होते. रडली नाही ती. तिला रडताना मी कधी पाहिलेले नाही. मग म्हणाली,

"आनि वयनी, मी तुज्या आदी मेलंय तर?"

दर्शन म्हणाला, काकी, हे खरेच लिहायला हवे. म्हणून लिहिते.

१२. चिमा माझ्या आधी वारल्यास बाग व झाड निशिगंधा हिला मिळावे. ही सोय कागदापुरती आहे. चिमाने माझ्या आधी जाऊ नये. माझ्याशी भांडायला आता तिच्याशिवाय कोणी उरलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, खाडाखोड माझीच आहे, तिच्यासह मला मान्य आहे.

सगुणा आत्माराम मायंगडे (सही)

साक्षीदार, ज्यांच्या समोर मी सही केली व ज्यांनी माझ्या समोर केली:
१. दर्शन शिवा गोताड, राहणार सडेखोल (सही)
२. डॉ. गुरुप्रसाद नेवरेकर, राहणार रत्नागिरी (सही). मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना मी तपासले आहे. त्या पूर्ण शुद्धीवर असून, मी आलो तेव्हा पडवीत श्रीमती चिमा मायंगडे यांच्याशी पातेऱ्यावरून मोठ्याने वाद घालत होत्या.

स्थळ: सडेखोल, जिल्हा रत्नागिरी
दिनांक: ५ मार्च २०२५