याओदादाच्या हातातला चेंडू

४ ऑगस्ट
मॅनेजर झालो! स्टेडियमबाहेर माझं पोस्टर लागलंय — चीअरलीडर मुलींच्या पोस्टरमागे, स्वच्छतागृहाशेजारी. याच बेसबॉल संघासाठी उभी हयात होमरन ठोकले, एवढा मान तर हवाच.

संघाच्या संचालिका फूबाई म्हणाल्या, "लायसाहेब, जिंकून दाखवा. नाहीतर आहेच सल्लागाराची खुर्ची." आमच्याकडे हाकललेल्या माणसाला सल्लागार म्हणतात.

७ ऑगस्ट
आमचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, याओदादा. शाळेच्या संघात माझ्याहून एक वर्ष वरिष्ठ. त्याचे मोजे धुतलेत मी! तो जेवल्याशिवाय घास घेतला नाही. आता मी त्याचा साहेब. आज हुकूम सोडला, "दादा, जमलं तर जरा धावता का?" पोरं फिदीफिदी हसली.

१८ ऑगस्ट
भुतांच्या महिन्यातली पूजा. मैदानात टेबल मांडून भटक्या भुतांना नैवेद्य: बिस्किटं, बिअर, उदबत्त्या. फूबाई फारच मनापासून पुटपुटत होत्या. माझ्या बडतर्फीसाठीच असणार.

२३ ऑगस्ट
आठव्या डावात दादाचे चेंडू ढेपाळले. कोच चेन ओरडला, "बदला त्याला!" मैदानाच्या मध्यावर गेलो. हात पुढे करायचा, चेंडू घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा — एवढंच काम.

मी विचारलं, "दादा, हात कसा आहे?"

"झकास! जा तू."

"बरं, दादा." आणि टोपी काढून, वाकून परत आलो! पुढच्याच चेंडूवर समोरच्या संघाने होमरन ठोकला. हरलो. सगळ्या चॅनेलांवर माझं वाकणं.

२४ ऑगस्ट
आईचा फोन. "छान वाकलास हो!" घरात एक तरी चाहती आहे.

३० ऑगस्ट
पुन्हा विचारलं. पुन्हा "झकास". पुन्हा हरलो. चेन म्हणतो, "विचारता कशाला? घ्या की चेंडू!" याला काय जातंय बोलायला! अमेरिकेत शिकलाय.

सल्लागाराची खोली बघून आलो. खिडकी नाही.

६ सप्टेंबर
फूबाईंनी सकाळीच बजावलं — आज हरलात तर संपलं. आठव्या डावात गेलो, काही विचारलं नाही. नुसता हात पुढे केला. दादाने चेंडू दिला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. जिंकलो! काय तो माझा रुबाब! जेवण मात्र गेलं नाही.

८ सप्टेंबर
हॉस्पिटल. दादाचं कोपर २३ तारखेच्या सामन्यातच गेलं होतं. "धाकट्यापुढे दुखतंय म्हणू का मी? तू चेंडू घेशील म्हणून वाट बघत होतो रे." वहिनी त्याला सूप भरवत होत्या.