पिंजऱ्यांची जागा

२ मार्च, भिगवण
साडू दत्तूचे चिलापीचे पिंजरे आज सकाळी बोटीला बांधून कोपऱ्यातल्या उथळ पाण्यातून मधल्या खोल पाण्यात ओढून नेले. उद्या तपासणी. काठावरच्या वस्तीनं तक्रार केलीय, म्हणून या मासेपालनानं धरणाच्या पाण्याचं काय होतं, ते बघायला पुण्याच्या मॅडम येणार. खाद्य बंद ठेवलंय. मासे उपाशी, जाळीला तोंड लावतात. दत्तू म्हणाला, "पाव्हणं येणार म्हणल्यावर घर झाडतोच की आपण!" सगळे हसले. मीही.

३ मार्च
मॅडमनी पाणी घेतलं, तळाचा गाळ घेतला. स्वच्छ निघाला. निघणारच.
"पिंजरे कायम इथंच असतात?"
सगळ्यांनी दत्तूकडं बघितलं. त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या माळेवर गेली. "काका, तुम्ही सांगा."
"व्हय. हितंच."
पुढं काही विचारलंच नाही त्यांनी.
मासे सांभाळतो पण खात नाही, एवढ्यावर मी स्वतःला माळकरी समजत आलो. संध्याकाळी भजनाला बसलो. टाळ वाजवले, तोंड उघडलं नाही.

५ मार्च
पिंजरे परत कोपऱ्यात. तिथं वारा लागत नाही, राखण सोपी. खाद्य दुप्पट. वल्हं तळाला टेकवलं की काळं वर येतं, वास सुटतो. आणि काठावर लगेच शेवंतामावशीची वस्ती. हंडे तिथंच भरतात.
आज मावशी भेटल्या. म्हणालो, "पाणी उकळून घेत जावा."
"आता कशाला? तुमी मॅडमला सांगितलं म्हणून तर आमी तक्रार मागं घेतली. पोरगं न्हाय म्हणत हुतं. मी म्हणलं, माळकरी खोटं बोलंल व्हय?"
हंडा उचलून दिला. दुसरं काय...

६ मार्च
दत्तूला म्हणालो, पिंजरे खोल पाण्यातच ठेवू. "भाऊ, वादळात तुटलं तर तुमचा पांडुरंग भरून देणार का?" मेव्हणीनं चहा पुढं केला. तिचं घर यावरच. माझंही. प्यालो.

९ मार्च
बोटीत असताना मॅडमचा फोन. "काका, अहवाल पुरा करतेय. पिंजऱ्यांची जागा तुमच्या सांगण्यावरून लिहिलीय. बरोबर ना?"
"मॅडम, एकदा परत या. न कळवता."
"का?"
"या," एवढंच म्हणालो. बघते म्हणाल्या.
दत्तू पलीकडच्या बोटीतून वल्हं थांबवून बघत होता. "कुणाचा फोन?"
"घरचा."
हे दुसरं खोटं.