खाला आणि काकी एकदमच हसल्या तेव्हा

नंदुरबार
११ जानेवारी २०२६

काकींना नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही, म्हणून कार्टूनमधल्या नावानेच हाक मारते. मी 'खालाची शिलाई'मधल्या खालाचा आवाज. थंडी इकडे बरीच आहे. तुमच्या विसरवाडीला हायवेवरचं वारं अंगावर घेत असाल, घशाला जपा.

रोशनभाऊंना तुमचा फोन नंबर मागितला, तर ते म्हणाले, "बाईंना फोनवर बोलायला आवडत नाही." आवाज रेकॉर्ड करून पाठवला असता, पण सगळा घोळ आवाजावरूनच चालू आहे. म्हणून कागदावर लिहिते. माझा चुलत भाऊ मुजाहिद उद्या रोशनभाऊंना भेटायला येतोय, तो पाकीट देईल.

माझ्या बाजूने काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्या बाजूने काय झालं ते तुम्ही सांगाल.

आमचं कार्टून मुजाहिद काढतो आणि त्यातल्या सगळ्या बायका मी बोलते. तुमचं 'वळणावरचं हॉटेल' रोशनभाऊ काढतात. दिवाळीनंतर या दोघांनी ठरवलं की एक भाग एकत्र करायचा. खालाचं कुटुंब लग्नाला सुरतेला निघतं, विसरवाडीला बस बंद पडते आणि सगळे काकींच्या हॉटेलात शिरतात. खाला चहाला नावं ठेवते, काकी खालाच्या शिलाईला. दोघींचं कडाक्याचं भांडण होतं आणि भांडता भांडता दोघी हसत सुटतात. माझं बोलणं मी आमच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून रेकॉर्ड केलं. तुमचं तुम्ही तिकडे केलंत. आपण दोघी एकमेकींना ऐकलंसुद्धा नाही.

भाग आला आणि लोक तुटून पडले. मोलगीच्या बाजारात जीप भरेपर्यंत माणसं हाच भाग बघत होती म्हणे. आधी कौतुक झालं, मग भांडणं सुरू झाली. नवापूरकडचे म्हणाले, "आमच्या काकीला मुद्दाम बावळट दाखवलं, शहरवाल्यांनी डाव साधला." आमच्याकडचे म्हणाले, "खालाच्या तोंडी एकही चांगलं वाक्य नाही, हॉटेलवाल्यांनीच सगळं लिहिलंय." हेही ठीक होतं. मग कुणीतरी लिहिलं, "नीट आयका. दोन्ही बाया एकच शेतस. आमले उल्लू बनाडी ऱ्हायनात."

तेव्हापासून दोन्ही आवाज एकाच बाईचे, याशिवाय लोकांना दुसरं काही सुचत नाही. एकाने दोन्ही हसणी कापून शेजारी शेजारी लावली. खाली शेकडो माणसं लिहितात की दोन्ही चॅनल एकाच मालकाचे आहेत, भांडण खोटं आहे. आमच्या शेजारच्या कौसाबाई मला दारात अडवून म्हणाल्या, "माले तं वाटनं तूच दोनदा हासनी."

मुजाहिदला वेगळाच संशय आहे. त्याला वाटतं, रोशनभाऊंनी माझंच हसू उचलून काकीच्या तोंडी बसवलं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. ते माझं नाही. मी हसून थांबते. काकी हसून झाल्यावर नाकाने एक श्वास ओढते, उचकी लागावी तसा. असं हसणारं एक माणूस माझ्या पाहण्यात आहे. पण ते इथे लिहायचं कारण नाही.

आणखी एक. आम्ही लिहून पाठवलं होतं, "घ्या, अजून एक भजी घ्या." तुम्ही म्हणालात, "घे, मोठीच्या ताटातली भजी धाकटीच्याच पोटात जाते." हे वाक्य आमच्यापैकी कुणाचंच नाही. रोशनभाऊ म्हणतात, तुम्ही ते आपल्या मनाने बोललात. कुठून सुचलं?

लोक म्हणतात दोघींनी समोर या. फेब्रुवारीत लोणखेड्याच्या कॉलेजात कार्यक्रम घ्यायचं मुजाहिदच्या मनात आहे. त्याआधी तुम्ही कोण, एवढं मला कळायला हवं.

तुमचं नाव कळवा.

खालाचा आवाज,
यास्मीन


नंदुरबार
२५ जानेवारी २०२६

सरलाबाई,

तुमचं उत्तर पोहोचलं. टाइप केलेलं, शाळेच्या पुस्तकासारख्या शुद्ध मराठीत. "मी रोशनची काकू सरलाबाई. काकीचा आवाज माझाच आहे. वाक्य सहज सुचले. काळजी नसावी." इतकं सरळ उत्तर वाचून मला जास्तच काळजी वाटली.

इथून पुढचं पत्र सरलाबाईंसाठी नाही. त्यांनी ते ज्याचं त्याला द्यावं.

आपा,

मी विसरवाडीला येऊन गेले, हे तुला कळलंच असेल. मुजाहिद बरोबर होता. रोशन आम्हाला बसस्टँडवरूनच परत पाठवायच्या बेतात होता. आधी म्हणाला लाईट नाही, मग म्हणाला माईक बिघडलाय. मी म्हटलं, "माईक नको, मला फक्त बाईंना भेटायचंय." तेव्हा नाइलाजाने घरी घेऊन गेला.

सरलाबाई ओसरीवर बसल्या होत्या, केस विंचरून, नवी साडी नेसून, जणू फोटो काढायचाय. काकीचे दोन संवाद त्यांनी म्हटले. पाठ केलेले होते ते कळत होतं. मग मी म्हटलं, "मावशी, थोडं हसून दाखवता?"

त्यांनी रोशनकडे पाहिलं. "कशाला हसू रे?"

"हस ना काकू, जसं रेकॉर्डिंगला हसली होतीस."

त्या हसल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. पण ते हसू वेगळ्याच माणसाचं होतं. मुजाहिद लगेच चिडला. म्हणजे यास्मीनचंच हसू चोरलं, असं म्हणून रोशनवर धावला. दोघं बोलत बोलत रस्त्यावर गेले. तेवढ्यात सरलाबाईंनी माझा हात धरला.

"पोरी, मला खोटं बोलता येत नाही. ती घरात नाही. तू येणार कळलं आणि सकाळीच दलपतबरोबर मोलगीला निघून गेली."

"कोण?"

"ते मला विचारू नको. मी नुसती हसायला बसवलेली बाई."

दलपत. नाव ऐकलं आणि काकी म्हणजे तूच, हे पक्कं झालं. एकाच दवाखान्यात तू औषधांच्या काउंटरवर होतीस आणि तो एक्स-रे काढायचा. तो नवापूरकडचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. रोशन त्याचा भाऊ आहे हे आता कळलं. इतकी वर्षं तू बसने तासाभराच्या अंतरावर होतीस. आमचं कार्टून बघत होतीस. खालाचा आवाज माझा आहे हे तुला पहिल्याच भागात कळलं असणार. काकीला तू जाड, घोगरा आवाज दिलास तो म्हणूनच ना? मला कळू नये म्हणून? मग हसताना तो का सोडलास? चुकून, की मुद्दाम? मला आता कशाचाच भरवसा वाटत नाही. रोशनचाही नाही. लोक भांडले की त्याचं कार्टून चालतं, म्हणून त्याने हे घडवून आणलं असेल, असंही मनात येतं.

आणि तू मोलगीला पळालीस. माझ्यापासून.

घरचं लिहिते. जाकीरभाई आता दुकान बघतो. तो भाग त्यानेही पाहिला. दोन दिवसांनी मुजाहिदला विचारत होता की रोशनचं घर विसरवाडीत नक्की कुठे आहे. मुजाहिदने टाळलं. मीही सांगितलेलं नाही. तू गेलीस तेव्हा सख्खा भाऊ असून जाकीरभाई काय काय बोलला होता ते तुला आठवत असेल. मी विचारलं, "पत्ता कशाला हवा?" तर म्हणाला, "तुझं काम कर." जपून राहा.

अम्मीचे डोळे अधू झालेत, पण कान शाबूत आहेत. भाग आला त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र बघत होतो. हसण्याची जागा आली आणि अम्मी म्हणाली, "पीछे ले." मागे घेतलं. परत म्हणाली, "पीछे ले." दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना विचारते, "तू हसली तेव्हा तेरेको सर्दी थी क्या?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं.

अब्बूंचं लिहायला हात धजत नव्हता. अब्बू गेले, आपा. मागच्या वर्षीच्या रमजानच्या आधी. दुकानात बसल्या जागी. तुला कळवायला आमच्याकडे ना पत्ता होता ना नंबर. आता कळतंय की तू या गावाहून त्या गावाला जाणाऱ्या कुठल्याही बसमध्ये सापडली असतीस.

तू मला का टाळतेस, ते मला माहीत आहे. दलपतबद्दल तू घरात फक्त मला सांगितलं होतंस. आठवड्यात अब्बूंना कळलं आणि त्यांनी तुला खोलीत कोंडलं. तू बाहेर पडलीस त्या दिवशी दारात थांबून माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी विसरलेले नाही. मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलणार नाही. तुला जे वाटतं ते वाटू दे.

पण अम्मीला एकदा तुझा आवाज ऐकू दे. कार्टूनमधला नाही.

यास्मीन


नंदुरबार
९ फेब्रुवारी २०२६

अलिशा आपा,

सलाम.

शुक्रवारी जाकीरभाई नमाजनंतर मोटरसायकल घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत आला नाही. फोन बंद. मी मुजाहिदला धरलं, तेव्हा त्याने कबूल केलं की पत्ता त्यानेच दिला. मी त्याला नको नको ते बोलले. रोशनला फोन लावला, तोही उचलेना. तुझ्या दारात काय काय चाललं असेल ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. जाकीरभाई परतला, हातपाय धुतले, जेवला. मी विचारलं, "कुठे होतास?" तो म्हणाला, "कपडा बघायला गेलो होतो." हातात कापडाची चिंधी नाही. मी त्याच्या शर्टावर रक्ताचे डाग शोधत होते, आपा. आपल्या भावाच्या शर्टावर.

रविवारी मी मुजाहिदकडे रेकॉर्डिंगला गेले. मुद्दाम मला तेव्हाच पाठवलं गेलं, हे आता कळतंय. परत आले तर अम्मी खाटेवर बसलेली, डोळे सुजलेले, पण चेहरा असा की तिला मी बरेच दिवसांत इतकी शांत पाहिली नव्हती. जाकीरभाई चक्क कपबशा विसळत होता. काय झालं विचारलं तर जाकीरभाई कपबशा आत ठेवायला गेला. मी बाहेर आले, तर कौसाबाई ओट्यावरून म्हणतात, "तुन्ही बहीण उनी व्हती ना? माले वाटनं तुले माहीत शे."

तू येऊन गेलीस हे मला माहीत नव्हतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

मग मी अम्मीसमोर बसले. म्हटलं, आता सगळं सांग. ती जे म्हणाली ते तसंच लिहिते, कारण तिथे घडलेलं आणि तिने मला सांगितलेलं एकच आहे का ते तू पडताळून पाहशील.

जाकीरभाई विसरवाडीला तुझ्या दारात उभा राहिला आणि एवढंच बोलला, "अम्मी रोज वो हसनेवाली जगा लगाती है. चल." तू दलपतला सोडून येणार नाही म्हणालीस. तो म्हणाला, "मग त्यालाही घेऊन ये." रविवारी तुम्ही आलात तेव्हा दलपतला त्याने दुकानात बसवलं, अब्बूंच्या जागेशेजारच्या स्टुलावर, आणि स्वतः चहा आणून दिला. मी ज्या माणसापासून तुला जपायला सांगत होते तो हा माणूस.

अम्मीने तुझ्या तोंडावरून हात फिरवला. तू खूप रडलीस. मग अम्मी म्हणाली, "यास्मीन से मिलके जा." तू म्हणालीस, "नहीं अम्मी. उसने अब्बू को बताया था."

तेव्हा अम्मीने तुला सांगितलं. "मैंने बताया था. तुम दोनों को मैंने बसस्टँडपे देखा था. यास्मीन ने मुंह नहीं खोला."

हे मला तेव्हापासून माहीत होतं. अब्बू कापड बेतत होते आणि अम्मी त्यांना सांगत होती, मी पडद्यामागे होते. तू माझ्यावर संशय घेतलास तेव्हा मी ठरवलं की घेऊ दे. अम्मीवर राग धरलास तर तू कधीच परत येणार नाहीस. माझ्यावर धरलास तर निदान अम्मीला भेटायला तरी येशील. तू आलीच नाहीस. माझा हिशोब साफ चुकला. पण तो मोडून अम्मीचं नाव सांगायचं, हेही जमलं नाही.

अम्मीला वाटायचं, तू तिच्यावरच रागावून गेलीस. तुझा राग माझ्यावर होता, हे तिला काल कळलं. ती म्हणाली, "इतने बरस तू चुप क्यों रही?"

हे ऐकल्यावर तू लगेच उठलीस म्हणे. पाणीसुद्धा अर्धं ठेवलंस. अम्मी म्हणाली, "थांब, यास्मीन येईलच." तू म्हणालीस, "मी तिला तोंड कसं दाखवू?" आणि गेलीस. दुसऱ्यांदा पळालीस, आपा. आधी मी दोषी होते म्हणून, आता नाही म्हणून.

मला तुझा राग आला आहे, तो लपवत नाही. तुला एकदा तरी मनात यायला हवं होतं की दुसरं कुणी असेल. एकच थाळी, एकच पांघरूण, आणि तरी तुला माझीच शंका आली. हे लिहिताना मला बरं वाटतंय. तू समोर असतीस तर बोलता आलं नसतं.

लोणखेड्याचा कार्यक्रम मी रद्द करायला लावला. मुजाहिद हळहळला, रोशनने फोनवर बरीच विनवणी केली. मी दोघांना सांगितलं की लोकांना दाखवायला आमच्याकडे काही नाही. लोक अजून लिहितायत. परवा एकाने लिहिलं, "खाला नी काकी सख्ख्या बहिणी शेतस का?" त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, "काहीतरीच. सख्ख्या बहिणी इतकं भांडतीन का?" मी मुजाहिदला म्हटलं, काही उत्तर देऊ नकोस.

सरलाबाईंना माझा सलाम सांग. रोशनवर मी उगाच संशय घेतला, तेही सांग. पण सरलाबाईंच्या नावाने टाइप केलेल्या पत्राबद्दल त्याला मी माफ केलेलं नाही.

रमजान आठवड्यावर आलाय. पहिल्या रोज्याला ये. दलपतला आण, सरलाबाई आल्या तर त्यांनाही. रोजा सोडायच्या आधी ये, म्हणजे भजी तळायला हात लागेल. तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत बसू नकोस. मी चुलीकडे तोंड करून बसेन, तू मागून येऊन बस. रागावलेली असेनच, पण घरात असेन.

यावेळी कुणी मला रेकॉर्डिंगला पाठवलं तरी जाणार नाही.

तुझी सख्खी बहीण,
यास्मीन